खुर्चीतून ऐकलेला पिंक फ्लॉइड

12 डिसेंबर 2025 रोजी पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘विश यू वर हिअर’ या अल्बमची पन्नाशीनिमित्त काढलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात 26 एप्रिल 1975 रोजी लॉस एंजेलिसच्या स्पोर्ट्स अरिनामध्ये झालेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आहे. हे ध्वनिमुद्रण बँडच्या तंत्रज्ञांनी केलेले नाही, कंपनीने केलेले नाही, कोणत्या नभोवाणी केंद्रानेही केलेले नाही. माइक मिलार्ड नावाच्या एका श्रोत्याने ते गर्दीत बसून, लपवून आत नेलेल्या कॅसेट रेकॉर्डरवर, कोणाचीही परवानगी न घेता केले. पुढची अनेक वर्षे ही फीत संग्राहकांच्या हातांतून फिरत राहिली. आता संगीतकार आणि ध्वनिमिश्रक स्टीव्हन विल्सन यांनी तिची साफसफाई केली आहे आणि मिलार्डचे नाव सांगून खुद्द बँडने ती स्वीकारली आहे. त्याबरोबर रॉक संगीत ऐकणाऱ्यांमधला एक जुना वादही पुन्हा पेटला. चोरून केलेल्या कामावर अधिकृत शिक्का मारून बँडने चोरीला प्रतिष्ठा दिली, असे एका बाजूचे म्हणणे. संगीत हे ऐकणाऱ्यांचेच असते, कंपन्यांनी पन्नास वर्षे लोभापायी ते अडवून ठेवले आणि आता आमचीच फीत आम्हाला विकत आहेत, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. दोन्ही बाजू त्वेषाने बोलत आहेत, आणि दोघींनीही तीन वेगवेगळ्या कृतींची एकच मोळी बांधून ठेवली आहे.

कार्यक्रम ध्वनिमुद्रित करणे, ते ध्वनिमुद्रण जपणे आणि ते विकणे या त्या तीन कृती. माझी भूमिका अशी की श्रोत्याने स्वतःसाठी केलेले आणि बाजारात न नेलेले ध्वनिमुद्रण हा चोरीचा माल नसून एका घटनेचा दस्तऐवज आहे, आणि तो जपला जाणे संगीताच्या इतिहासासाठी आवश्यक आहे. ते विकणे मात्र निखालस अन्याय आहे. तिथे कसलाही अपवाद करण्याची मला गरज वाटत नाही. कलावंताचा त्यातून होणाऱ्या प्राप्तीवर, प्रकाशनाच्या निर्णयावर आणि प्रकाशनाच्या वेळेवर पूर्ण हक्क आहे. परंतु हजारो लोकांसमोर जे घडले, त्याचा पुरावाच शिल्लक राहू नये असे म्हणण्याचा हक्क त्याला नाही. ही रेषा मान्य केली की पिंक फ्लॉइडने केलेली गोष्ट योग्य ठरते, आणि त्यांनी ती ज्या रीतीने केली ती रीतही महत्त्वाची ठरते.

ही मोळी बांधली गेली ती साठच्या दशकाच्या अखेरीस. 9 नोव्हेंबर 1969 रोजी रोलिंग स्टोन्सचा कार्यक्रम कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे झाला. श्रोत्यांमध्ये बसलेल्या एका माणसाने दूरवरचा आवाज टिपणारा मायक्रोफोन आणि सहज उचलून नेता येणारा टेपरेकॉर्डर आत नेला होता. काही आठवड्यांतच त्या ध्वनिमुद्रणाच्या तबकड्या साध्या पांढऱ्या वेष्टनात विकल्या जाऊ लागल्या. ग्रील मार्कस यांच्यासारख्या समीक्षकाने ‘रोलिंग स्टोन’ मासिकात तिचा गौरव केला. सप्टेंबर 1970 मध्ये स्टोन्सचा अधिकृत लाइव्ह अल्बम आला, आणि त्यामागे या बेकायदा तबकडीच्या यशाचा रेटा होता असे तेव्हापासून मानले जाते. त्याच वर्षी ‘द हू’ या बँडने लीड्स विद्यापीठातील 14 फेब्रुवारीच्या कार्यक्रमाचा अल्बम काढला, तेव्हा त्याचे वेष्टन मुद्दाम चोरट्या तबकडीसारखे केले. साधा तपकिरी पुठ्ठा, त्यावर रबरी शिक्क्याने उठवावीत तशी अक्षरे, आणि तबकडीवर सूचना की ऐकू येणारी खरखर तशीच असायची आहे, ती दुरुस्त करू नये. एका अर्थाने अधिकृत जगाने तेव्हाच कबूल केले होते की खुर्चीतून टिपलेल्या आवाजात काहीतरी असे आहे की जे स्टुडिओत घासूनपुसून काढलेल्या आवाजात नाही. पण हे जे ‘काहीतरी’ होते, ते लोकांच्या हाती आले विक्रेत्यामार्फत. त्यामुळे विक्रेत्याचा गुन्हा आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे कुतूहल एकाच नावाने ओळखले जाऊ लागले. लेड झेपलिन या बँडचे व्यवस्थापक पीटर ग्रँट सभागृहात रेकॉर्डर दिसला तर तो फोडून टाकण्यासाठी प्रसिद्ध होते. पुढच्या रांगेतला हा माणूस विकणारा आहे की जपणारा, हे विचारायला त्यांना सवड नव्हती, आणि त्या काळात ती असण्याचे कारणही नव्हते.

आता विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ, कारण तो पिंक फ्लॉइडच्याच इतिहासात आहे. हा बँड नवी रचना स्टुडिओत जाण्याआधी महिनोन्महिने श्रोत्यांसमोर वाजवून पाहत असे. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मार्च 1973 मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्याच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी 1972 मध्ये, लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये तो संपूर्ण वाजवला गेला होता, आणि त्याची चोरटी तबकडी अल्बमच्या आधीच दुकानांत पोहोचली. नोव्हेंबर 1974 मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यात पुढच्या तीन दीर्घ रचना वाजल्या. त्यांचीही तबकडी निघाली आणि अनेक ग्राहकांनी तो बँडचा नवा अल्बमच आहे असे समजून ती विकत घेतली. जी रचना अजून घडते आहे, जिचे शब्द बदलायचे आहेत, जिची गती ठरायची आहे, ती अपुऱ्या अवस्थेत जगभर पसरली, तर कलावंताने प्रयोग कुठे करायचे? 1977 च्या दौऱ्यात पिंक फ्लॉइडने ‘ॲनिमल्स’ वाजवला तो अल्बम प्रसिद्ध झाल्यावर किंवा होत असताना. श्रोत्यांसमोर रचना वाढवत नेण्याची त्यांची जुनी पद्धत तोपर्यंत मागे पडली होती. तिच्या मागे पडण्याला एकच कारण असेल असे मी म्हणत नाही. पण चोरट्या बाजाराचा त्यात वाटा असणे अगदी शक्य आहे, आणि तसे असेल तर श्रोत्यांचेच ते फार मोठे नुकसान आहे. ‘संगीत सर्वांचे’ अशी घोषणा देणाऱ्यांनी या नुकसानीचा हिशेब कधी मांडलेला नाही.

हे सगळे मान्य. पण हे नुकसान केले कोणी? 1972 च्या तबकडीने घाव घातला तो ती छापली गेली, वेष्टनात भरली गेली आणि दुकानात अल्बमच्या जागी ठेवली गेली म्हणून. तेच ध्वनिमुद्रण एखाद्या घराच्या कपाटात राहिले असते तर बँडच्या नव्या रचनेला त्याची झळ लागली नसती. आणि ते कपाटात राहिले असते तर आज आपल्याला त्या रचनेची घडण पाहता आली असती. लॉस एंजेलिसच्या फितीचे मोल इथेच आहे. 26 एप्रिल 1975 च्या त्या रात्री ‘विश यू वर हिअर’ अजून अपूर्ण होता. तो सप्टेंबरमध्ये यायचा होता. कार्यक्रमाच्या पूर्वार्धात ‘रेव्हिंग अँड ड्रूलिंग’ आणि ‘यूव्ह गॉट टू बी क्रेझी’ या दोन रचना वाजतात. त्या या अल्बममध्ये आल्याच नाहीत. दोन वर्षांनी ‘ॲनिमल्स’मध्ये त्या ‘शीप’ आणि ‘डॉग्ज’ या नावांनी, बदललेल्या शब्दांनिशी आल्या. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ दोन भागांत आहे आणि त्या दोन भागांच्या मध्ये ‘हॅव अ सिगार’ येते. पुढे अल्बमची जी रचना साऱ्या जगाला पाठ झाली, ती तिथे अर्धवट उभी आहे: दुभंगलेली मुख्य रचना आहे, पण अल्बमला ज्याने नाव दिले ते गाणे अजून जागेवर नाही. एखाद्या कादंबरीकाराचे खाडाखोड केलेले हस्तलिखित मिळावे तसे हे आहे. बँडने ते पन्नास वर्षांनी, स्वतःच्या निर्णयाने प्रकाशित केले. रचनेची घडण संपून दोन पिढ्या उलटल्यावर. म्हणजे त्या काळी ज्या कारणासाठी ते बाजारात येणे अन्यायाचे होते, ते कारण आज उरलेले नाही, आणि ज्या कारणासाठी ते जपायला हवे होते, ते कारण मात्र वाढतच गेले.

यावर एक रोखठोक उत्तर येते, आणि ते टाळता येणार नाही. जपणाऱ्याची फीतच शेवटी विकणाऱ्याच्या हाती जाते. तेव्हा जपणारा निर्दोष आणि विकणारा दोषी ही विभागणी कागदावरची आहे, असे ते उत्तर. मिलार्डच्याच बाबतीत ते बरेचसे खरे ठरले. त्याने स्वतः विक्री केली नाही. इतरांना दिलेल्या प्रतींमध्ये तो बारीक खुणा ठेवत असे, म्हणजे विकणाऱ्याच्या तबकडीवरून ती कोणी फोडली हे कळावे, असे सांगितले जाते. तरीही 21 जून 1977 च्या लेड झेपलिनच्या लॉस एंजेलिस फोरममधील कार्यक्रमाचे त्याचे ध्वनिमुद्रण चोरट्या बाजारातली सर्वांत नावाजलेली वस्तू झाले. म्हणून विभागणी निरर्थक ठरते का? हस्तलिखित जपणाऱ्या ग्रंथपालाकडून एखादे पान चोरीला गेले तर आपण हस्तलिखिते जाळत नाही. चोराला पकडतो आणि कुलूप बदलतो. जपण्यातला धोका खरा आहे, म्हणून जपण्याची व्यवस्था चांगली हवी. न जपण्याचे समर्थन त्यातून निघत नाही.

दर्जाबद्दलचा आक्षेप मला याहून हलका वाटतो, पण तो सर्वांत जास्त वेळा घेतला जातो. शेजारच्या माणसाची शिट्टी ऐकू येते, ढोल सभागृहात घुमतो, शब्द अधूनमधून बुडतात; असे ध्वनिमुद्रण अधिकृत अल्बमच्या पंक्तीला कशासाठी? यात दोन गोष्टींची गल्लत आहे. मिक्सिंग डेस्कमधून, म्हणजे मंचावरचे आवाज जिथे एकत्र जुळवले जातात त्या यंत्रातून, थेट घेतलेले ध्वनिमुद्रण स्वच्छ असते, पण ते कार्यक्रमाचा आवाज नसते. डेस्कमध्ये जाते ते लाउडस्पीकरमधून वाढवायचे असते तेवढेच; गिटारच्या ॲम्प्लिफायरमधून जो आवाज थेट सभागृहात येतो, भिंतींवरून जो परततो, हजारो शरीरांत जो मुरतो, तो तिथे नसतोच. म्हणून डेस्कवरच्या अनेक फितींत गायकाचा आवाज अंगावर येतो आणि गिटार दूर पडते, जे त्या रात्री तिथल्या एकाही माणसाने ऐकलेले नसते. पिंक फ्लॉइडच्या बाबतीत हा फरक आणखी मोठा, कारण ते 1967 पासून आवाज सभागृहात फिरवण्याचे प्रयोग करत होते आणि 1975 मध्ये श्रोत्यांच्या चारही बाजूंना लाउडस्पीकर लावत होते. घड्याळांचा गजर पाठीमागून यावा, हास्य डोक्यावरून जावे, ही त्यांची रचनाच होती. दोन मायक्रोफोन ती चौफेर रचना पूर्णपणे टिपू शकत नाहीत, हे खरे. पण सभागृह वाद्यासारखे वापरणाऱ्या बँडचे, सभागृह वगळून केलेले ध्वनिमुद्रण अधिक खरे कसे म्हणायचे? आणि मिलार्डकडे खेळणे नव्हते. नाकामिची 550 हा वजनदार, उत्तम कॅसेट डेक आणि एकेजी कंपनीचे व्यावसायिक मायक्रोफोन तो वापरत असे. पुढे ते आत नेण्यासाठी त्याने व्हीलचेअरचाही आधार घेतला. अमुक जागी बसले तर आवाज कसा येईल, याचा त्याचा अभ्यास होता. ज्या कामासाठी कंपन्या पगार देतात ते काम तो तिकीट काढून करत होता.

शिवाय अधिकृत लाइव्ह अल्बम म्हणजे सत्य, अशी आपली समजूत कशावर उभी आहे? स्टोन्सच्या ज्या 1970 च्या अल्बमचा वर उल्लेख केला, त्यात काही गायन आणि वादन नंतर स्टुडिओत भरलेले आहे. लेड झेपलिनचा 2003 साली आलेला तीन डिस्कचा संच जून 1972 च्या दोन वेगवेगळ्या शहरांतल्या दोन रात्री जोडून एक कार्यक्रम झाल्यासारखा बांधलेला आहे. यात फसवणूक आहे असे मी मानत नाही. अल्बम ही कलाकृती आहे, तिची जुळवाजुळव हा कलावंताचा अधिकार आहे. परंतु मग तिला घटनेची नोंद म्हणू नये. घटनेची नोंद वेगळी असते. तिच्यात चुकलेला सूर असतो, तुटलेली तार असते, दोन गाण्यांमधला वेळ असतो, आणि श्रोते नेमके कधी गप्प झाले तेही असते.

इंग्रजी रंगभूमीच्या इतिहासात याला एक फार जवळचे उदाहरण आहे. ‘हॅम्लेट’ची पहिली छापील प्रत 1603 सालची. ती सदोष आहे. प्रसिद्ध स्वगते तिच्यात मोडकीतोडकी आली आहेत, आणि अनेक अभ्यासकांच्या मते ती प्रयोगात भाग घेतलेल्या कोणाच्या तरी स्मरणावरून, नाटककाराला न विचारता तयार झाली. 1623 साली शेक्सपिअरच्या सहकाऱ्यांनी त्याच्या नाटकांचा संग्रह काढला तेव्हा प्रस्तावनेत चोरून, लपूनछपून काढलेल्या विद्रूप प्रतींबद्दल चीड व्यक्त केली, आणि ती रास्त होती. तरीही राजाचे भूत राणीच्या दालनात रात्रीच्या पोशाखात येते, किंवा वेडी झालेली ओफिलिया केस मोकळे सोडून, ल्यूट हे तंतुवाद्य वाजवत, गात प्रवेश करते, हे आपल्याला कळते ते त्या वाईट प्रतीमुळे. चांगल्या प्रतींत ते नाही. नाटककाराला काय लिहायचे होते हे चांगली प्रत सांगते, रंगमंचावर काय दिसले हे वाईट प्रत सांगते. शेक्सपिअरचा हक्क डावलला गेला म्हणून 1603 च्या शिल्लक राहिलेल्या प्रती नष्ट करा, असे आज कोण म्हणेल? आणि ‘हॅम्लेट’ कोणता, असा प्रश्न विचारल्यावर ती प्रत पुढे करावी, असे तरी कोण म्हणेल? दोन्ही जपायच्या आणि त्यांची गल्लत करायची नाही, एवढाच त्यातला धडा आहे, आणि रॉकच्या वादात दोन्ही बाजू नेमक्या तोच विसरतात.

तत्त्वाच्या पातळीवर सर्वांत गंभीर विरोध मात्र किंग क्रिमझन या बँडचे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांचा आहे. कंपनीच्या हिशेबापलीकडे जाऊन ते सांगतात की संगीतकार आणि श्रोता यांच्यात त्या क्षणी एक नाते जुळते, आणि लपवलेले यंत्र ते मोडते. ज्याचे लक्ष रेकॉर्डरच्या काट्याकडे आहे तो ऐकत नाही, तो घेतो आहे. या म्हणण्यातले नैतिक वजन मला जाणवते. आजच्या कोणत्याही कार्यक्रमात उंचावलेल्या हजारो फोनकडे पाहिले की ते अधिकच पटते. तरीही 1998 साली फ्रिप यांच्याच पुढाकाराने संग्राहकांसाठी जी मालिका सुरू झाली, तिचा पहिला अल्बम होता 6 जुलै 1969 रोजी लंडनच्या मार्की क्लबमध्ये श्रोत्यांतून केलेले, दर्जाने बेताचेच ध्वनिमुद्रण. मी यात विसंगती पाहत नाही. बँडच्या पहिल्या महिन्यांतला तो आवाज दुसरीकडे कुठे फारसा उरला नव्हता, आणि ध्वनिमुद्रण करण्याला तीव्र विरोध असलेल्या कलावंतालाही ते हरवू देणे परवडले नाही. त्यांनी कृतीला विरोध कायम ठेवून दस्तऐवज स्वीकारला. मला जी रेषा काढायची आहे ती त्यांनी आपल्या आचरणाने काढली आहे.

बीटल्सचे प्रकरण याच्या उलट दिशेने तेच सांगते. डिसेंबर 1962 च्या अखेरीस हॅम्बुर्गच्या स्टार क्लबमध्ये त्यांचे कार्यक्रम घरगुती टेपरेकॉर्डरवर टिपले गेले. ‘लव्ह मी डू’ हे त्यांचे गाणे येऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. 1977 साली त्या फितींचा अल्बम निघाला. बीटल्सने तो थांबवण्याचा प्रयत्न केला, पण तो अनेक वर्षे वेगवेगळ्या रूपांत विकला गेला. अखेर 1998 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात जॉर्ज हॅरिसन स्वतः साक्षीला उभे राहिले, आपल्या नावावर निघालेले हे सर्वांत भिकार ध्वनिमुद्रण आहे असे त्यांनी सांगितले आणि बीटल्स जिंकले. जॉन लेननने तोंडी परवानगी दिली होती, हा दावा टिकला नाही. निकाल योग्यच होता. रात्री उशिरा क्लबमध्ये बेफिकीरपणे वाजवलेल्या संगीताचा व्यापार करायचा तर ज्यांनी ते वाजवले त्यांना विचारले पाहिजे. मद्याच्या पेल्यावर दिलेला होकार, दिला असला तरी, करार होत नाही. पण न्यायालयाने विक्री थांबवली म्हणून त्या रात्रीचे ऐतिहासिक मोल कमी झाले का? कीर्तीच्या उंबरठ्यावर उभा असलेला, इतरांची गाणी सुसाट वेगाने वाजवणारा तो बँड ज्याला समजून घ्यायचा आहे, त्याला त्या फितींवाचून दुसरा मार्ग नाही. त्या विकल्या जाऊ नयेत आणि त्या नष्टही होऊ नयेत, या दोन गोष्टी एकाच वेळी म्हणता येतात.

खुद्द कलावंतांनाही हा फरक कळतो. 2007 मध्ये ग्लासगोच्या न्यायालयात चोरट्या सीडी विकणाऱ्यावर खटला चालला, तेव्हा लेड झेपलिनचे जिमी पेज साक्षीला आले होते. त्यांनी चाहत्यांनी आपसात ध्वनिमुद्रणे देवघेव करण्याला दोष दिला नाही. ती वेष्टनात भरून, आत काय आहे याची ग्राहकाला खात्री नसताना विकणे हे कायद्याने आणि नीतीनेही चूक आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कायद्यालाही तो फरक अपरिचित नाही. कलावंतांच्या हक्कांविषयीच्या 1961 च्या रोम कराराने खासगी वापरासाठी अपवाद ठेवण्याची मुभा सदस्य देशांना दिली. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली दुरुस्ती होऊन सादरकर्त्यांना हक्क मिळाले, आणि त्याच कायद्याच्या 39 व्या कलमात, स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले ध्वनिमुद्रण हा भंग मानलेला नाही. मराठी रसिकाला हा फरक कलमे वाचून शिकावा लागत नाही. हिंदुस्थानी संगीतातल्या किती थोर गायकांचे पूर्ण विस्ताराचे गाणे आपण ऐकू शकतो ते खासगी मैफलींत कोणीतरी टेपरेकॉर्डर लावला म्हणून! तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत जे मावत नव्हते ते त्या फितींत आहे, आणि त्यातल्या काही पुढे रीतसर प्रकाशितही झाल्या. त्याच वेळी केसरबाई केरकरांसारख्या गायिकेचा ध्वनिमुद्रणाविषयीचा संशय आपण हट्ट म्हणून उडवून लावत नाही. आपली विद्या कोणाच्या हाती जावी हे ठरवण्याचा तिचा आग्रह आपण समजून घेतो, आणि तरीही तिचे गाणे जेवढे उरले त्याहून अधिक उरायला हवे होते अशी हळहळ बाळगतो.

आता दुसऱ्या बाजूला, म्हणजे फितींच्या भक्तांनाही, सांगितले पाहिजे. तुमच्याकडे प्रत आहे म्हणून संगीत तुमचे होत नाही. पन्नास वर्षे जपले याबद्दल कृतज्ञता तुम्हाला मिळायला हवी, श्रेय मिळायला हवे, पण मालकी नव्हे. ‘कंपनी आमचीच फीत आम्हाला विकते’ ही तक्रार करताना त्या फितीवरचा प्रत्येक स्वर कोणी वाजवला याचा विसर पडतो. आणि विक्रेत्याला बंडखोर नायक ठरवण्याची रीत तर मला सर्वांत घातक वाटते. 1969 मध्ये पांढऱ्या वेष्टनातली तबकडी विकणाऱ्याने मोठ्या कंपन्यांना हादरवले असेल, पण त्याने एकाही वादकाला पैसा दिला नाही. श्रोत्यांवर विश्वास टाकला तर काय होते, हे अमेरिकेत ग्रेटफुल डेड या बँडने दाखवले: 1984 पासून त्यांनी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच राखली, अट एकच, विकायचे नाही. त्या अटीचा मान राखणारे लोक हे खरे जपणारे.

संस्थांच्या हाती सोपवले की सगळे सुरक्षित राहते, असा भरवसा देणाऱ्यांना बीबीसीची आठवण करून द्यावीशी वाटते. साठच्या दशकातल्या असंख्य कार्यक्रमांच्या चित्रफिती त्या संस्थेने पुसून पुन्हा वापरल्या. ‘डॉक्टर हू’ मालिकेच्या हरवलेल्या भागांचा आवाज आज ऐकता येतो, तो घरी टीव्हीजवळ मायक्रोफोन धरून बसलेल्या प्रेक्षकांमुळे. पिंक फ्लॉइडच्या 1975 च्या दौऱ्यातील याहून चांगले काही बँडच्या हाताशी असते, तर त्यांनी पन्नाशीच्या आवृत्तीत ते घातले नसते का?

म्हणूनच अशी ध्वनिमुद्रणे अधिकृतपणे काढताना ती कशी काढावीत, हा प्रश्न मला ‘काढावीत की नाही’ यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पहिली गोष्ट, ते श्रोत्यातून केलेले आहे हे लपवू नये आणि करणाऱ्याचे नाव, त्याची किंवा त्याच्या कुटुंबाची हरकत नसेल तर, द्यावे. मिलार्डच्या बाबतीत ते झाले. दुसरी गोष्ट साफसफाईची. फितीची गती चुकली असेल, सुसकारा वाढला असेल, एक बाजू दबली असेल तर ते दुरुस्त करणे हे जीर्णोद्धाराचे काम आहे. परंतु आता आवाज एकमेकांपासून सोडवणारी यंत्रणा इतकी पुढे गेली आहे की उद्या एखादी कंपनी श्रोते पुसून, गिटार पुढे आणून, त्याच फितीतून डेस्कसारखा ‘स्वच्छ’ अल्बम बनवू शकेल. तसे केले तर त्या फितीचे जे एकमेव वैशिष्ट्य आहे, एका ठिकाणी बसलेल्या एका माणसाला त्या रात्री काय ऐकू आले, तेच नाहीसे होईल, आणि उरेल तो दुय्यम दर्जाचा स्टुडिओ अल्बम. तसे करायचेच असेल तर मूळ फीत जशीच्या तशी सोबत द्यावी. तिसरी गोष्ट, मूळ फितींची एक प्रत ब्रिटिश लायब्ररीच्या ध्वनिसंग्रहासारख्या सार्वजनिक ठिकाणी जावी, तिथे जाऊन ती ऐकता यावी, आणि कलावंताने ठरवलेल्या मुदतीपर्यंत ती बाहेर देऊ नये. कलावंताचा हक्क आणि इतिहासाची गरज यांचा मेळ घालण्याची ही सोय बँडसाठीही फायद्याची आहे, कारण चोरट्या बाजाराला ती सर्वांत कमी वाव देते.

या कसोटीवर लवकरच एक अवघड प्रकरण येईल असे मला वाटते. 4 एप्रिल 1963 रोजी बीटल्सनी इंग्लंडमधल्या स्टो या निवासी शाळेत कार्यक्रम केला. त्यांचा पहिला अल्बम येऊन पंधरवडा होत होता. शाळेतल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने आपल्या टेपरेकॉर्डरवर तो सुमारे तासाभराचा कार्यक्रम टिपला, आणि साठ वर्षांनी, 2023 मध्ये, ती फीत असल्याचे जाहीर झाले. ब्रिटनमधला बीटल्सचा पूर्ण कार्यक्रम टिपणारे हे ज्ञात असलेले सर्वांत जुने ध्वनिमुद्रण आहे. इथे लपवाछपवी नव्हती, विक्री नव्हती, लोभ नव्हता. यंत्रांची आवड असलेला एक विद्यार्थी होता. ती फीत बाजारात आणायची की नाही हे बीटल्सचे हयात सदस्य आणि दिवंगतांचे वारस यांनीच ठरवावे, आणि त्यांनी नको म्हटले तर त्या नकाराचा मान राखला जावा. पण अभ्यासकाला ती ऐकता येईल अशा सार्वजनिक संग्रहात तिची प्रत पोहोचण्यासाठी त्यांच्या होकाराची वाट पाहावी, असे मला वाटत नाही. ती आत्ताच, फीत धड आहे तोवर, पोहोचायला हवी.